बेघराला घर मिळतं कसं

२८ फेब्रुवारी २०११च्या रात्री देशभरातले प्रगणक फूटपाथ, उड्डाणपुलांखालच्या जागा, रेल्वे फलाट, देवळांचे ओटे आणि रस्त्याकडेला पडलेले सिमेंटचे मोठे पाइप धुंडाळत फिरत होते. जनगणनेतली ती रात्र बेघरांसाठी राखून ठेवली होती. त्या मोजणीत देशभरात १७ लाख ७० हजारांच्या आसपास बेघर माणसं निघाली. महाराष्ट्रात २ लाख १० हजार, म्हणजे उत्तर प्रदेशाच्या खालोखाल. मुंबईत सुमारे ५७ हजार.

बेघरांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना हे आकडे फार कमी वाटतात आणि त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. भाजी मंडईतला हमाल पहाटे दोनला कामावर असतो. लग्नात वाढपी म्हणून गेलेला मुलगा तिथेच मांडवात आडवा होतो. एकटी बाई तर पुष्कळदा रात्री झोपतच नाही; उजेडात, वर्दळीत बसून ती रात्र काढते आणि दिवसा एखाद्या बागेत डोळा लावते. एका रात्रीत यातलं कोण सापडणार? त्यात २०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं सगळं नियोजन याच आकड्यांवर चालत राहिलं.

सुरुवात मोजणीपासून केली, कारण बेघर माणसाचा घरापर्यंतचा प्रवास कुठेतरी त्याची नोंद होण्यापासूनच सुरू होतो. छप्पर ही त्याची मोठी गरज खरीच, पण छपराच्या आधी कागद आडवा येतो. घर नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून ओळखपत्र नाही आणि ओळखपत्र नाही म्हणून घर नाही. बेघरांसाठी चांगलं काम करणारी संस्था ही साखळी नेमकी कुठल्या कडीपाशी तोडायची, याचाच विचार करत असते.

बेघर सगळे एकसारखे नसतात, हेही आधीच सांगायला हवं. भायखळ्याच्या फूटपाथवर प्लास्टिक-बांबूच्या आडोशाला तीन पिढ्या राहिलेलं कुटुंब वेगळं. त्याच्याकडे चूल आहे, पोरं शाळेत जातात, फक्त जमीन पालिकेची आहे. मजूर नाक्यावर काम मिळवून रात्री दुकानाच्या पायरीवर झोपणारा एकटा गडी वेगळा. मुलांनी घराबाहेर काढलेले आजोबा, नवऱ्याच्या मारहाणीतून पळालेली बाई, मनोरुग्ण म्हणून भटकत राहिलेला माणूस, परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी आलेलं आणि खोलीचं भाडं न परवडून बाहेर पथारी टाकलेलं कुटुंब, या प्रत्येकाला हवी असलेली मदत निराळी. टाटातल्या रुग्णांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा हा फार मोठा आधार आहे. गाडगेबाबांनी आपल्या दहा कलमी संदेशात बेघरांच्या आसऱ्याला अन्न, पाणी आणि वस्त्राच्या बरोबरीने स्थान दिलं आणि गावोगावी धर्मशाळा उभ्या केल्या. महाराष्ट्रात या कामाची मुळं इतकी जुनी आहेत.

आता प्रवासाचा पहिला टप्पा, म्हणजे भेट. संस्थेचे कार्यकर्ते शक्यतो रात्री नऊनंतर बाहेर पडतात, कारण दिवसा माणसं कामावर असतात. पहिल्या भेटीत जाणता कार्यकर्ता वही काढत नाही. त्याचं कारण १९५९च्या भीक प्रतिबंधक कायद्यात आहे. हा कायदा हात पसरणाऱ्यापुरता नाही. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणं किंवा थांबून राहणं, आणि त्या अवस्थेवरून हा माणूस भिकेवर जगत असावा असं वाटणं, एवढंही त्याच्या व्याख्येत बसतं. पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात आणि पहिल्या खेपेलाच एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये दिल्लीपुरती या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. महाराष्ट्रात कायदा चालू राहिला. त्यामुळे रात्री गाडी थांबली आणि कुणी नाव-गाव विचारू लागलं की फूटपाथवरच्या माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो चेंबूरला नेणार की काय, हा. चेंबूरला भिक्षेकरीगृह आहे, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं.

म्हणून बोलणं सुरू होतं ते दुखण्याखुपण्यापासून. “मावशी, पाय बराच सुजलाय. उद्या सकाळी दवाखान्यात येता का माझ्याबरोबर?” मावशी पहिल्यांदा नाही म्हणतात. दुसऱ्यांदा म्हणतात, “माझं गाठोडं कोण बघणार?” हा प्रश्न टाळण्यासाठी केलेला नसतो. त्या गाठोड्यात घोंगडी, दोन पातेली, एखादा फोटो आणि असतील ते सगळे कागद असतात. जी ताई ते गाठोडं स्वतः सांभाळायला तयार होते, तिच्याबरोबर मावशी जातात. दवाखान्याचा केसपेपर हा पुष्कळदा त्यांच्या नावाचा गेल्या कित्येक वर्षांतला पहिला कागद असतो.

दुसरा टप्पा निवाऱ्याचा. डिसेंबर २००९च्या ऐन थंडीत दिल्लीत एक रात्रनिवारा पाडण्यात आला. अन्नाच्या हक्कासंबंधीचा खटला तेव्हा सर्वोच्च न्यायालयात चालूच होता. त्यातच हा विषय आला आणि २०१०मध्ये न्यायालयाने आधी दिल्लीसाठी व नंतर मोठ्या शहरांसाठी निवाऱ्यांचे आदेश दिले. निकष ठरला दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा, तोही बारमाही आणि चोवीस तास उघडा. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने ‘शहरी बेघरांसाठी निवारा’ या घटकाखाली त्याला पैसा आणि नियमावली दिली. माणशी किमान ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास, मोरी, दिवे, डासांचा बंदोबस्त, सामान ठेवायला कुलपाचं कपाट आणि पाळीपाळीने हजर राहणारे काळजीवाहक, असं त्यात लिहिलेलं आहे. इमारत किंवा जागा पालिकेची, चालवणारी बहुधा स्वयंसेवी संस्था, अशी कामाची विभागणी असते.

मुंबईची २०११ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. लाखाला एक या हिशेबाने सव्वाशेच्या घरात निवारे हवेत. शहर त्या आकड्याच्या जवळपासही पोचलेलं नाही. जागा नाही, हे नेहमीचं उत्तर. आणि जिथे जागा सापडते तिथे आजूबाजूच्या सोसायट्यांचा विरोध होतो. या विरोधाचं मला वाईट वाटतं. त्या सोसायटीच्या गाड्या पुसणारा, कचरा नेणारा, लग्नात वाढायला येणारा माणूसच पुष्कळदा त्या निवाऱ्यात झोपणार असतो.

निवाऱ्यात खाट रिकामी असूनही लोक बाहेर का झोपतात, असं अनेकजण विचारतात. याची उत्तरं अगदी व्यावहारिक आहेत. भुलेश्वरला हातगाडी ओढणाऱ्याला पहाटे चारला गाडीपाशी हजर राहायचं असतं; दहा किलोमीटरवरचा निवारा त्याच्या उपयोगाचा नाही. निवारे बहुतेक ठिकाणी पुरुषांचे वेगळे आणि बायकांचे वेगळे असतात. कुटुंब निवारे फार थोडे. नवऱ्याने एका निवाऱ्यात जायचं, बायकोने लहानग्यांना घेऊन दुसऱ्यात, आणि चौदा वर्षांच्या मुलाने कुठे? त्यापेक्षा कुटुंब फूटपाथवरच एकत्र राहतं. दारूचं व्यसन असलेल्याला दारातूनच परत पाठवलं जातं. जिथे काळजीवाहक माणसाला नावाने हाक मारतात, सामान कुलपात राहतं आणि रात्री उशिरा आलेल्या हमालालाही दार उघडलं जातं, ते निवारे भरलेले असतात.

चांगल्या निवाऱ्याचं खरं मोल मात्र खाटेत नाही. निवाऱ्याच्या नोंदवहीत नाव चढलं की माणसाला सांगता येईल असा पत्ता मिळतो. इथून तिसरा टप्पा, कागदांचा.

आधारसाठी पत्त्याचा पुरावा नसेल तर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. ते आमदार, नगरसेवक किंवा राजपत्रित अधिकारी देऊ शकतात, आणि मान्यताप्राप्त निवारागृहाचे अधीक्षकसुद्धा. मतदार यादीची तरतूद तर मला आपल्या लोकशाहीतली फार मोलाची गोष्ट वाटते. बेघर माणसाला अर्ज क्रमांक ६ भरताना पत्त्याचा कागद जोडावा लागत नाही. तो जिथे झोपतो ती जागा लिहायची: अमक्या पुलाखाली, तमक्या दुकानासमोर. मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात, त्यांनी रात्री त्या जागी जाऊन पाहायचं की हा माणूस खरोखर तिथे झोपतो का. एकदा जाऊन भागत नाही, एकाहून जास्त रात्री जावं लागतं. माणूस तिथे झोपलेला दिसला की तेवढा पुरावा पुरतो. दुसऱ्या कुठल्याही सरकारी कामात झोपण्याच्या जागेला असा मान नाही. अडचण एवढीच की ही तरतूद कित्येक बेघरांना ठाऊक नसते आणि खिडकीवरच्या माणसालाही नसते. म्हणून संस्थेचा कार्यकर्ता अर्जाबरोबर निवडणूक आयोगाच्या सूचनेची प्रत घेऊन जातो.

त्यानंतर बँकेचं खातं आणि रेशनकार्ड. २०१४पासूनच्या जनधन योजनेमुळे शून्य शिलकीचं खातं उघडणं सोपं झालं आहे. रेशनला वेळ लागतो; गावच्या कार्डावर नाव असेल तर ते कमी करून आणायचं की तिथलंच धान्य इथे उचलायचं, हा निर्णय माणसाशी बोलून घ्यावा लागतो. वृद्ध असतील तर निराधार योजनेचा अर्ज. हे सगळं जमवायला महिनोन्‌महिने जातात आणि पालिकेची गाडी एका सकाळी येऊन गाठोड्यासकट कागद उचलून नेते, असंही होतं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. अनुभवी संस्था त्यामुळे प्रत्येक कागदाची एक प्रत आपल्या कपाटात ठेवतात.

आता घराकडे येऊ. इथे रस्ते फुटतात.

एक रस्ता माणसाच्या स्वतःच्या घराकडे परत जातो. रस्त्यावर भटकणारे कित्येक मनोरुग्ण घर असलेले असतात. आजारपणात वाट चुकलेले, गाडीत बसून शेकडो मैल दूर आलेले. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचं श्रद्धा फाउंडेशन कर्जतच्या केंद्रात अशा लोकांवर उपचार करतं. औषधांनी मन ताळ्यावर आलं की माणूस गावाचं, नदीचं, शाळेचं नाव सांगू लागतो आणि कार्यकर्ते त्याला घरी नेऊन पोचवतात. डॉ. भरत वाटवानींना या कामासाठी २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य ‘माउली’ संस्थेत रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांना आणि त्यांच्या लेकरांना सांभाळतं. त्यातल्या अनेकींना परत जायला घरच उरलेलं नसतं, तेव्हा माउली हेच त्यांचं घर होतं.

दुसरा रस्ता भाड्याच्या खोलीचा. काम करणाऱ्या एकट्या माणसासाठी बहुधा हाच खरा. हिशेब मांडून पाहू. समजा मानखुर्द किंवा दिव्याकडे दहा बाय दहाची खोली ५,००० रुपयांनी मिळते आणि डिपॉझिट २५,००० आहे. पहिल्या महिन्याचं भाडं आणि एजंटची दलाली धरली तर दाराची किल्ली हाती यायला ३५,००० रुपये एकरकमी लागतात. नाक्यावरच्या मजुराला महिन्याचे पंधरा दिवस काम मिळालं आणि कामाच्या दिवशी त्याने १०० रुपये बाजूला टाकले, तर एवढी रक्कम जमायला जवळजवळ दोन वर्षं. तोवर पैसे ठेवायचे कुठे? खिशात ठेवले तर रात्री चोरीला जातात. निवाऱ्यात राहणारा माणूस हे करू शकतो, कारण त्याच्याकडे कपाट आणि खातं आहे. चार-पाच जणांनी मिळून खोली घेणं, अकरा महिन्यांच्या करारासाठी ओळख देणं, पोलीस पडताळणीसाठी बरोबर जाणं, यात संस्थेचा माणूस मधे उभा राहतो. घरमालकाला भाड्याइतकीच खात्री हवी असते की काही झालं तर फोन कुणाला करायचा.

फिनलंडने इथे वेगळा विचार केला. तिथे २००८पासून सरकारनेच धोरण म्हणून रात्रनिवारे बंद करत जाऊन त्या जागी कायमच्या भाडेकराराची घरं केली. हेलसिंकीतलं साल्व्हेशन आर्मीचं सुमारे अडीचशे खाटांचं वसतिगृह ऐंशी स्वतंत्र घरांत बदललं गेलं. आधी व्यसन सोडा, नोकरी मिळवा, मग घर, हा क्रम त्यांनी उलटा केला. घर आधी, बाकीची मदत त्या घरात राहत असताना. बेघरांची संख्या तिथे अनेक वर्षं घटत गेली. आपल्याकडे निवारेच अपुरे असताना ही गोष्ट दूरची वाटेल, पण ते डिपॉझिटचे २५,००० कुणीतरी बिनव्याजी पुढे केले तर आपल्या मजुराचं जवळजवळ दीड वर्ष वाचतं, इतका त्याचा अर्थ इथेही लागू आहे.

तिसरा रस्ता सरकारी घराचा, आणि तो सर्वांत अरुंद. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १ जानेवारी २०००पूर्वीच्या झोपडीला मोफत घर आहे, आता ३०० चौरस फुटांचं. त्यानंतरच्या, २०११पर्यंतच्या झोपडीधारकाला ते अडीच लाखांत मिळतं. पण पुरावा झोपडीचा लागतो. जो उघड्यावर झोपला त्याची झोपडी कुठून दाखवणार? पंतप्रधान आवास योजनेत स्वतः घर बांधायला अनुदान मिळतं ते स्वतःची जमीन असेल तर, आणि विकत घ्यायला कर्ज मिळतं ते बँकेला भरवसा वाटला तर. सगळ्यांत कमी असलेल्याला सगळ्यांत कमी मिळतं, असा हा क्रम आहे, आणि तो बदलायलाच हवा असं मला वाटतं.

तरीही फूटपाथवरच्या बायकांनी या अरुंद रस्त्यावरून घर मिळवलेलं आहे, आणि ती हकीकत नीट सांगण्यासारखी आहे.

१९८१मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांच्या सरकारने मुंबईतले पदपथवासी हटवायचं ठरवलं. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी न्यायालयात धाव घेतली. जुलै १९८५मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला: उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मात्र नोटीस देऊन, पावसाळा संपल्यावर झोपड्या हटवायला न्यायालयाने मुभाही दिली. म्हणजे तत्त्व मिळालं, पण डोक्यावर टांगती तलवार राहिलीच.

शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४मध्ये भायखळ्याला स्पार्क ही संस्था सुरू केली होती. पाडापाडीची वाट पाहत बसण्याऐवजी त्यांनी लोकांना घेऊन फूटपाथची मोजणी केली. १९८५च्या या पाहणीत सुमारे ६,००० कुटुंबांची नोंद झाली. माणसं आली कुठून, काम काय करतात, किती वर्षं झाली, हे पहिल्यांदा कागदावर आलं. बरेचजण चालत कामावर जात होते. त्यांनी फूटपाथ निवडला होता तो गाडीभाडं वाचावं म्हणून.

त्यातूनच १९८६मध्ये महिला मिलन ही फूटपाथवरच्या बायकांची संघटना उभी राहिली. गल्लीतली एक बाई रोज दारोदार फिरून बचत गोळा करायची, एक रुपया, दोन रुपये, जे असेल ते. अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून वेगवेगळ्या रकमांसाठी वेगवेगळ्या रंगांचे कागदाचे तुकडे ठरले आणि प्रत्येकीच्या प्लास्टिकच्या पिशवीत तिच्या बचतीचे तुकडे जमू लागले. पिशवी उघडली की हिशेब समोर. आजारपणात त्याच पैशातून कर्ज मिळायचं, सावकाराकडे जावं लागायचं नाही. रोज पैसे घ्यायला येणारी बाई रोज प्रत्येक घराची खबरही घेऊन जायची, आणि माझ्या मते संघटना खरी बांधली गेली ती या रोजच्या फेरीने.

मग त्यांनी घर कसं हवं ते ठरवलं. जुन्या साड्या आणि कापड ताणून भायखळ्याला खऱ्या मापाचं घर उभं केलं आणि त्यात उभं राहून, बसून, झोपून पाहिलं. जमीन थोडी, म्हणून उंची चौदा फूट धरली, म्हणजे आत पोटमाळा निघतो. खाली स्वयंपाक, वर झोपायला जागा. जोकिन अर्पुथम यांच्या राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाचं बळ बरोबर होतं. जोकिन यांचं स्वतःचं घर असलेली जनता कॉलनी १९७६मध्ये हटवली गेली होती. पुढे २०००मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९५मध्ये राज्याच्या पुनर्वसन धोरणात पदपथावर राहणाऱ्यांनाही पात्र धरलं गेलं आणि भायखळ्याच्या फूटपाथवरची कुटुंबं मानखुर्दला, त्यांनीच नाव ठेवलेल्या मिलन नगरात राहायला गेली. आपली यादी, आपली बचत आणि आपल्या घराचा नकाशा घेऊन अधिकाऱ्यांसमोर बसलेल्या बायकांना नाही म्हणणं सरकारलाही जड गेलं.

हे सगळ्यांच्याच बाबतीत गोड झालं नाही. मानखुर्दहून भायखळ्याला धुण्याभांड्यांना जायचं तर गाडीभाडं आलं, वेळ आला. वीजबिल आणि सोसायटीची वर्गणी आली. त्याच भागातल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या पुनर्वसन वसाहती इतक्या दाटीने बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही. २०१८च्या एका अभ्यासात या इमारतींच्या रचनेचा आणि तिथल्या क्षयरोगाचा संबंध दाखवला गेला. म्हणून जाणत्या संस्था किल्ली मिळाल्यावर काम संपलं असं धरत नाहीत. शाळाबदल, रेशन दुकान बदलणं, नवं काम शोधणं आणि सोसायटीची नोंदणी यासाठी पुढचं वर्षभर त्या कुटुंबांबरोबर असतात.

वाचकांपैकी कुणाला रस्त्यावर अडचणीत असलेलं माणूस दिसलं तर काय करता येतं, तेही इथेच सांगते. लहान मूल एकटं असेल तर १०९८. वृद्ध असतील तर १४५६७. संकटात सापडलेली स्त्री असेल तर १८१. भटकणारी व्यक्ती मनोरुग्ण वाटली तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवावं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १००नुसार अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे, आणि हे कलम नाव घेऊन सांगितलं तर काम लवकर हलतं. धडधाकट माणसासाठी महापालिकेत समाज विकासाचं काम पाहणाऱ्या विभागाकडे जवळच्या निवाऱ्याचा पत्ता मिळतो. फोन करण्यापूर्वी त्या माणसाला विचारावं, त्याची तयारी असेल तरच करावा. जागा सांगताना रस्त्याचं नाव, समोरचं दुकान किंवा पुलाच्या खांबाचा क्रमांक आणि तो माणूस साधारण किती वाजता तिथे असतो, एवढं सांगावं, म्हणजे येणाऱ्या कार्यकर्त्याची खेप फुकट जात नाही.